असईत पडलेल्यांची घरे

असई हे जालना जिल्ह्यातले छोटे गाव. केळणा आणि जुई या दोन नद्या जिथे एकमेकींच्या जवळ येतात, त्या बेचक्यात ते वसले आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दुपारी या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेची ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेशी गाठ पडली. कंपनीचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. म्हातारपणी त्याला कुणीतरी विचारले, की रणांगणावरची तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती? त्याने वॉटर्लूचे नाव घेतले नाही, असईचे घेतले, अशी नोंद आहे. यामुळे जगभरच्या लष्करी पुस्तकांत असईला पान मिळाले. पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दिसली, म्हणून मध्ये उतार असणारच असा त्याने केलेला तर्क, तिथून नदी ओलांडून शिंद्यांच्या बगलेवर घातलेला घाला, हे सगळे नकाशांसह वाचायला मिळते. त्या बेचक्यात संध्याकाळपर्यंत जी माणसे पडली, ती कुणाच्या घरची होती, त्यांच्यामागे कोण उरले आणि त्या उरलेल्यांना काय मिळाले, हा प्रश्न मात्र त्या नकाशांत बसत नाही. जालना जिल्ह्याच्या मातीत मेलेल्या सैनिकांबद्दल बोलायचे तर सुरुवात याच प्रश्नापासून करायला हवी.

माझे म्हणणे असे आहे की लढाईत पडलेल्या शिपायाची आठवण शौर्याच्या बळावर टिकत नाही. ती टिकते त्याच्या घराचा हक्क कुणीतरी कागदावर मान्य केला असेल तर. शिपायाचे नाव, त्याच्या बापाचे नाव, गाव, बायको, मुले हे ज्या राज्याने लिहून ठेवले, त्याला त्या घरचे देणे टाळणे अवघड गेले. जिथे तो आकडा म्हणून लिहिला गेला, तिथे तो मेला त्या दिवशीच त्याचे घरही इतिहासातून पुसले गेले. असईत नेमके हेच झाले, आणि ते जिंकलेल्या व हरलेल्या दोन्ही बाजूंना झाले. कंपनीच्या बाजूचे अधिकृत आकडे उपलब्ध आहेत. ठार ४२८, जखमी १,१३८, बेपत्ता १८. शिंदे-भोसल्यांच्या बाजूचा आकडा म्हणजे वेलस्लीचा अंदाज, रणात सुमारे १,२०० प्रेते पडली होती आणि जखमी मुलुखभर विखुरले गेले. मराठी राज्यकर्त्यांपैकी सर्वांत मोठी फौज बाळगणाऱ्या शिंद्यांच्या पडलेल्या माणसांची मोजदाद आपल्याला शत्रूच्या पत्रातून घ्यावी लागते.

ही माणसे कोण होती? शिंद्यांच्या बाजूने खरी लढाई दिली ती कवायती कंपूंनी आणि तोफखान्याने. मैदानात साधारण १०,८०० कवायती पायदळ होते आणि शंभरांवर तोफा. पोलमन हा हॅनोव्हरचा माणूस एका कंपूचा प्रमुख होता. बेगम समरूच्या पलटणी होत्या, तिसरा कंपू द्युपाँ या युरोपियन सरदाराच्या हाताखाली होता. यातले बहुतेक शिपाई मराठी बोलणारे नव्हते. गंगा-यमुनेच्या दुआबातले, अवधचे, रोहिलखंडातले हे पुरभय्ये, रजपूत आणि मुसलमान, पोटासाठी शिंद्यांच्या कंपूत भरती झालेले. त्यांच्या तोफखान्याबद्दल शत्रूनेच लिहून ठेवले आहे, ते वाचताना अंगावर काटा येतो. कंपनीचे पायदळ तोफांवर चालून आले तेव्हा गोलंदाज जागा सोडून हलले नाहीत, संगिनींनी भोसकले जाईपर्यंत तोफा भरत राहिले. काहीजण तोफगाड्यांखाली मेल्याचे सोंग करून पडून राहिले आणि पलटण पुढे गेल्यावर उठून तिच्याच पाठीवर त्या तोफा डागल्या. मग कंपनीच्या फौजेला मागे वळून त्याच तोफा दुसऱ्यांदा जिंकाव्या लागल्या. दिवसाअखेर ९८ तोफा कंपनीच्या हाती पडल्या. प्रत्येक तोफेजवळ पडलेल्या गोलंदाजांपैकी एकाचेही नाव आज आपल्याला सांगता येत नाही. फैजाबादेच्या किंवा एटाव्याच्या बाजूच्या एखाद्या खेड्यात त्यातल्या कुणाची बायको किती महिने वाट पाहत राहिली असेल, आणि शेवटी तिला बातमी कुणी सांगितली असेल, हे कळायला आपल्याकडे काहीच साधन नाही.

कंपनीच्या बाजूची माणसेही तितकीच दूरची. प्रत्यक्ष लढाईत उतरलेल्यांत मद्रास फौजेच्या देशी पलटणी होत्या, म्हणजे तामिळ आणि तेलुगू मुलुखातले शिपाई. सोबत ७४वी आणि ७८वी या दोन स्कॉटिश पलटणी, १९वे लाइट ड्रगून्स हे गोरे घोडदळ, आणि म्हैसूरचे व पेशव्यांचे स्वार. वसईच्या तहानंतर दुसरा बाजीराव कंपनीच्या पंखाखाली गेला होता, तेव्हा या मैदानात मराठी स्वार दोन्हीकडे उभे होते. ७४व्या पलटणीची गोष्ट विशेष करुण. उजव्या बाजूची तुकडी चुकीच्या दिशेने, थेट असई गावाच्या तोंडावर गेली, मागोमाग ७४वी गेली आणि गावातल्या तोफांच्या माऱ्यात सापडली. पलटणीतले सुमारे चारशे लोक ठार किंवा जखमी झाले. क्वार्टरमास्टर सोडला तर एकही अधिकारी धड राहिला नाही. घोडदळाचा प्रमुख कर्नल पॅट्रिक मॅक्सवेल शेवटच्या हल्ल्यात पडला. आता लढाईनंतर तयार झालेला तो तक्ता पाहा. पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे हुद्द्यासह लिहिली आहेत. त्याखाली आकडे आहेत, ‘युरोपियन’ ठार १९८, ‘नेटिव्ह’ ठार २३०. शेजारी घोड्यांचाही रकाना आहे. त्या २३० देशी शिपायांची आणि शिपायापासून सार्जंटपर्यंतच्या गोऱ्यांची नावे त्या तक्त्यात कुठेच नाहीत. विजयाचा खलिता लंडनला गेला तो या स्वरूपात.

काळच तसा होता, तेव्हा सगळीकडे असेच चालायचे, असे यावर कुणी म्हणेल. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण आपल्याच इतिहासात याच्या उलट रीत होती आणि ती लेखी सापडते. जिंजीत राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेल्या सभासद बखरीत अफझलखानाच्या प्रसंगानंतर काय केले ते सविस्तर आले आहे. जे लोक भांडणात पडले त्यांच्या मुलांना चालवावे, ज्यांना मुलगा नसेल त्यांच्या बायकोला निम्मे वेतन लावून द्यावे, जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम द्यावी. यात कुठेही सैनिकाच्या गौरवाची लांबलचक भाषा नाही, सरळ हिशेब आहे, आणि त्या हिशेबात बायको व मूल यांचा वेगवेगळा विचार केलेला आहे. पेशवाईच्या दप्तरांत ‘बालपरवेशी’ नावाच्या नेमणुका आढळतात, त्या सरकारकामी पडलेल्याच्या लेकरांच्या पालनपोषणासाठी. शिंद्यांच्या घराण्यातही हे होते. महादजींसाठी कवायती कंपू उभारणाऱ्या द बॉइन्यच्या फौजेबद्दल समकालीन युरोपियन लिहितो, की जखमीला जखमेप्रमाणे पंधरा दिवसांपासून तीन-चार महिन्यांपर्यंतचा पगार बक्षीस मिळे, बरा होईपर्यंत त्याचा पगार कापला जात नसे, कायम अपंग झालेल्याला निम्म्या पगाराची पेन्शन आणि वर जमीन मिळे, आणि ठार झालेल्याची मालमत्ता त्याच्या नातलगांना पोहोचवली जाई. असईत लढलेल्या कंपूंपैकी पोलमनचा कंपू याच परंपरेतला. म्हणजे तोफेजवळ उभे राहून मेलेल्या त्या शिपायाच्या डोक्यात, आपण पडलो तर मागच्यांचे कुणीतरी पाहील, ही अपेक्षा रुजवणारी व्यवस्था एकेकाळी खरोखर होती.

ती मोडली कशी, याचा सर्वांत बोलका पुरावा शिंद्यांच्या वाड्यातच आहे. महादजी १७९४ मध्ये वारले आणि दौलतराव गादीवर आले. महादजींच्या विधवांची नीट तजवीज लावण्याचे वचन त्यांनी दिले होते, ते पाळले नाही. १७९८ पासून या बायांनी उघड बंड पुकारले, शिंद्यांचे जुने सरदार त्यांच्या बाजूने गेले आणि घरातले भांडण दोन वर्षांच्या युद्धावर गेले. ज्या दरबारात धन्याच्या विधवेला आपल्या पोटगीसाठी फौज जमवावी लागते, तिथे गोलंदाजाच्या विधवेला कोण विचारणार? याच काळात फौजेचा पगार थकला होता. तो भागवायला दौलतरावांचा सासरा सर्जेराव घाटगे याने पुण्यात जी लूट केली तिच्या कथा आपण शाळेपासून ऐकतो. पगारासाठी शिपायांनी धरणे धरायचे, सरदारांना कोंडायचे, ही शिंद्यांच्या छावणीतली नेहमीची गोष्ट झाली. १८०९ मध्ये त्या छावणीत राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांत असे प्रसंग पुन:पुन्हा येतात. जिवंत शिपायाची तलब वर्षवर्ष मिळत नसेल, तर मेलेल्याच्या घरी काही पोहोचत असेल असे मानायला जागा नाही.

इथे एक आक्षेप रास्त आहे. असईचा पराभव पेन्शनच्या तरतुदींमुळे झाला असे म्हणणे म्हणजे गाडीपुढे घोडा सोडून घोड्यापुढे गाडी जुंपणे होय. वेलस्लीची धडाडी, शिंदे आणि भोसले दोघेही लढाईच्या ऐन वेळी नेतृत्वाला नसणे, हजारो स्वारांनी फारसे काही न करणे, ही पराभवाची कारणे जास्त थेट आहेत, आणि मी ती नाकारत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. युद्ध सुरू होताच गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढला, शिंद्यांची नोकरी सोडून येणाऱ्या युरोपियन अधिकाऱ्यांना कंपनी पगार आणि पेन्शन देईल. पुष्कळ अधिकारी निघून गेले. पोलमनही लढाईनंतर कंपनीच्याच नोकरीत दाखल झाला. म्हणजे ज्यांना हक्काची भाषा कळत होती आणि तो हक्क मागण्याइतके वजन ज्यांच्याकडे होते, त्यांनी आपापली सोय लावली. उरले ते तोफांपाशी उभे राहिलेले शिपाई. त्यांनी जे केले ते पगारावर अवलंबून नव्हते हे उघड आहे, कारण पगार तर थकलेलाच होता. तोफ सोडणे ही त्यांना नामुष्की वाटत होती. माणूस पेन्शनसाठी मरत नाही, हा आक्षेप म्हणून बरोबरच आहे. तो अब्रूसाठी, सोबत्यांसाठी, खाल्ल्या मिठासाठी मरतो. पण म्हणून त्याच्या मागच्यांचे देणे कमी होते का? तो काही मागत नाही, म्हणूनच त्याच्या घराचे देणे राज्याने आपणहून लिहून ठेवायला हवे.

कंपनी यात किती चांगली होती? हिशेबाला ती नियमित होती, हे मान्य करावे लागते. तिच्या शिपायाला पगार वेळेवर मिळे, लढाईत मेलेल्याच्या वारसाला पेन्शन मिळण्याची पद्धत मद्रास फौजेत होती, आणि मेलेल्या शिपायांच्या पोरांना पलटणीच्या पटावर थोड्या पगारावर घेतले जाई. सभासदाने सांगितलेल्या रीतीशी हिचे नाते उघड दिसते. मात्र यात दया किती आणि पुढची भरती किती, हा प्रश्न राहतोच, कारण ते पोर मोठे झाल्यावर त्याच पलटणीत बंदूक उचलणार होते. गोऱ्या शिपायांच्या बायकांची अवस्था तर फार वाईट. ठरावीक संख्येनेच बायकांना पलटणीसोबत यायला मिळे. नवरा पडला की शिधा थोडे दिवस चाले, म्हणून अनेकजणी त्याच पलटणीतल्या दुसऱ्या शिपायाशी घाईने लग्न लावत. लढाईच्या गौरवाला मात्र हात सैल होता. ७४व्या, ७८व्या आणि १९व्या या तिन्ही तुकड्यांना मानाची निशाणे मिळाली, देशी पलटणींच्या निशाणांवर हत्ती आणि असईचे नाव आले. वैयक्तिक पदक द्यायला १८५१ साल उजाडले, लढाईनंतर ४८ वर्षांनी, आणि तेही जिवंत असलेल्यांनाच. जे असईतच पडले त्यांच्या घरी पदक जाण्याचा प्रश्नच नव्हता. तिकडे ३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. त्यात शिंद्यांच्या सरदारांच्या जहागिरींची आणि नेमणुकांची काळजी घेणारे कलम आहे. पडलेल्या शिपायांच्या घरांसाठी कलम नाही. त्याच सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या वर्षी विधवा होण्याचा अर्थ काय होता ते कळते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो मराठी मनाला साहजिकपणे सुचतो. हे तर भाडोत्री शिपाई. एका बाजूचे परमुलुखातून पोटासाठी आलेले, दुसऱ्या बाजूचे परक्या कंपनीसाठी आपल्याच लोकांवर चालून आलेले. यांची आठवण आपण का ठेवायची? स्वतंत्र भारताच्या सैन्याने देशी सत्तांविरुद्ध मिळवलेले बहुमान साजरे न करण्याचे ठरवले, तेही याच भावनेतून, आणि तो निर्णय योग्य आहे. मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर असईचा हत्ती आजही आहे, पण तिचे जवान २३ सप्टेंबरला विजयदिन पाळत नाहीत. स्कॉटलंडमध्ये ७४व्या पलटणीचा वारसा सांगणारी तुकडी मात्र तो दिवस पाळते. असे असले तरी विजय साजरा करणे आणि मेलेल्याची नोंद ठेवणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. देशासाठी लढणे ही कल्पना १८०३ मध्ये ज्या रूपात नव्हतीच, तिच्या मापाने त्या शिपायांना मोजून बाद करायचे हा अन्याय आहे. शिंद्यांचा पुरभय्या गोलंदाज मराठी राज्याच्या तोफेसाठी मेला, आणि ती तोफ सोडून जाण्याची संधी असताना मेला. त्याची मातृभाषा मराठी नव्हती म्हणून तो आपला नाही असे म्हणायचे असेल, तर पानिपतावर मराठ्यांकडून लढून मारल्या गेलेल्या इब्राहिमखान गारद्याबद्दल आपण काय म्हणणार? आणि तामिळ शिपायाचे घर तर त्या युद्धाच्या राजकारणाचे मुळीच धनी नव्हते.

नावाऐवजी आकडा लिहिण्याची ही सवय असईबरोबर संपली असती तर तिच्याबद्दल इतके बोलण्याचे कारण नव्हते. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, कूतच्या वेढ्यात अडकल्या, हजारो माणसे तिकडेच राहिली. ज्यांची थडगी सापडली नाहीत त्यांच्यासाठी बसऱ्याला १९२९ मध्ये स्मारक उघडले गेले. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांची त्यांच्या पलटणीपुढे संख्या लिहिली. १८०३ चा तक्ता दगडात उतरला तो असा. सर्व मृतांना हुद्दा, वंश न पाहता सारखा मान देण्याचे ब्रीद सांगणाऱ्या युद्धकबर आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच अहवाल काढून कबूल केले, की आशियाई आणि आफ्रिकी सैनिकांना तो सारखेपणा मिळाला नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत चित्र थोडे बदलले होते. माणगाव तालुक्यातला नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत एकट्याने मशीनगनचा मोर्चा जिंकून पडला, त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचे थडगे नाही, पण कॅसिनोच्या स्मारकावर त्याचे नाव आहे, म्हणूनच जवळजवळ ऐंशी वर्षांनी इटलीतल्या माँतोने गावाला त्याचे स्मारक उभारता आले. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर, जे २०१९ मध्ये उघडले, पंचवीस हजारांहून अधिक नावे प्रत्येकी वेगळ्या विटेवर कोरलेली आहेत. शिपाई आणि कर्नल तिथे एकाच आकाराच्या विटेवर आहेत. स्वतंत्र भारताने या बाबतीत जे केले त्याचा अभिमान वाटावा असेच ते आहे.

नावाबरोबर घराचा हक्कही आज पूर्वीपेक्षा भक्कम आहे. युद्धात किंवा अतिरेक्यांशी लढताना जवान गेला तर त्याच्या पत्नीला त्याच्या शेवटच्या पगाराइतकी वाढीव कुटुंब पेन्शन मिळते. महाराष्ट्र सरकारने २०१९ मध्ये अशा कुटुंबाला द्यायची मदत २५ लाखांवरून एक कोटी केली, शेतजमिनीचीही तरतूद आहे. जालन्यासारख्या जिल्ह्यात ही सगळी कामे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या खिडकीवर होतात, आणि एखाद्या वीरपत्नीला तिथे पहिल्यांदा यावे लागते तेव्हा तिच्या हातात मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, बँकेचे पुस्तक एवढेच असते. पण जिथे हक्क लिहिले जातात तिथे अटीही लिहिल्या जातात. शौर्यपदकाबरोबरचा मासिक भत्ता विधवेने पुनर्विवाह केला तर बंद होई, फक्त दिराशी लग्न केले तर चालू राही. ही अट २०१७ च्या नोव्हेंबरपर्यंत लागू होती. सत्तर वर्षे स्वतंत्र असलेल्या देशात एका विधवेने कुणाशी लग्न करावे हे भत्त्याच्या नियमाने सांगावे, ही गोष्ट कुणालाच खटकू नये याचे दुःख वाटते. ती अट काढली ते फार चांगले झाले, फार उशिरा झाले.

आणि २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांसाठी भरती झालेला अग्निवीर कर्तव्यावर गेला तर घरच्यांना ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे अनुदान, उरलेल्या काळाचा पगार आणि सेवानिधी मिळतो. मासिक कुटुंब पेन्शन मिळत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सियाचीनवर ड्यूटीवर असताना पहिला अग्निवीर गेला तो जालन्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एका शेतकरी घरचा. यावर सांगितले जाते की एकत्र मिळणारी रक्कम मोठी आहे, कोटीच्या घरात जाते, आणि तरुणाच्या आईबापांना तीच जास्त उपयोगी. हे म्हणणे हलके नाही. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घराने एवढी रक्कम कधी पाहिलेली नसते. पण एकरकमी पैसा आणि महिन्याची पेन्शन यांतला फरक रकमेचा नाही. एकरकमी पैशावर भाऊबंद, सावकार, लग्ने, घरबांधणी सगळ्यांची नजर असते, आणि तो सासर-माहेरच्या भांडणात वाटला जातो. महिन्याची पेन्शन बाईच्या नावावर येते, ती तिला घरात जागा देते, आणि राज्याला दर महिन्याला त्या घराचे नाव पुन्हा लिहायला लावते. सभासदाने सांगितलेले निम्मे वेतन हे याच जातीचे होते. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका उगवत्या राज्याला जे परवडले, ते आजच्या भारताला परवडत नाही असे मला पटत नाही. एकाच खंदकात, एकाच गोळ्याने मेलेल्या दोन जवानांपैकी एकाच्या बायकोला पेन्शन आणि दुसऱ्याच्या आईला धनादेश, हा भेद सरकारने काढून टाकावा.

जालना जिल्ह्यापुरते सांगायचे तर दोन कामे आजच करता येतील. एक असईत. तिथे मराठीत एक साधा, मजबूत फलक हवा, ज्यावर वेलस्लीच्या डावपेचांऐवजी दोन्ही बाजूंच्या पलटणी, कंपू, त्यातले लोक कोणत्या मुलुखातले होते आणि किती पडले ते लिहिलेले असेल, आणि ज्यांची नावे कुणी लिहिली नाहीत त्यांची नावे लिहिली गेली नाहीत हेही स्पष्ट लिहिलेले असेल. दुसरे काम प्रत्येक गावाचे. आपल्या गावातून सैन्यात गेलेला, ६२, ६५, ७१ मध्ये, कारगिलमध्ये किंवा सीमेवर पडलेला कुणी असेल, तर त्याचे नाव, वडिलांचे आणि आईचे नाव, पत्नी, मुले, पलटण, ठिकाण आणि तारीख ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि शाळेच्या भिंतीवर लिहा. त्याच्या घरी अजून कुणाची पेन्शन अडली असेल, कुणाचा वारसाचा कागद तलाठ्याकडे पडून असेल, तर गावाने सोबत जाऊन तो कागद पुढे काढावा.